खवल्यांत औषध नसतं

‘खवल्या मांजराचे खवले औषधी असतात’ हा समज कोकणापासून चीनपर्यंत पसरलेला आहे आणि तो साफ खोटा आहे. खवले केराटिनचे असतात. आपली नखं आणि केस ज्याचे, तेच हे प्रथिन. त्याने कुठलाही आजार बरा होत नाही. चीननेही २०२० साली आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले. शिवाय हे मांजरही नव्हे. मुंग्या आणि वाळवी खाणारा, दात नसलेला हा सस्तन प्राणी. मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, म्हणून एक मादी मारली गेली तरी नुकसान मोठं.

दुसरा गैरसमज याच्याच पोटातला: शिकार थांबली की सगळे प्राणी वाचतात. आंबोलीचा भेक, म्हणजे बेडकाच्या कुळातला छोटा प्राणी, बघा. २००९ साली विज्ञानाला ओळख झालेल्या या इवल्या जिवाला औषधासाठी कोणी मारत नाही, तरी तो अतिसंकटग्रस्त आहे. आपल्याकडच्या खवल्या मांजरापेक्षाही वरच्या धोक्यात. जांभ्या खडकावर पहिल्या पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. हे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, मोजकेच, आणि नेमका तेव्हाच आंबोलीत पर्यटकांच्या गाड्यांचा लोंढा येतो. पहिल्या पावसाच्या रात्री तिथे गाडी हळू चालवा, कृपा करून.