लिव्हर की सेमी-ऑटो: अमेरिकी घरातल्या रायफलीची पार्श्वभूमी

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यायला निघालेला माणूस पूर्वी पिस्तूल की शॉटगन एवढाच विचार करायचा. अलीकडे रायफलींच्या रॅकसमोर वेगळाच वाद रंगतो: लिव्हर-ॲक्शन (हाताने कडी हलवून भरायची) घ्यावी की सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी)? एकीकडे लाकडी दस्त्याची, काउबॉयच्या हातात पाहिलेली विंचेस्टर आणि दुसरीकडे काळी ए आर-१५. पहिली म्हणजे आजोबांची शिकारीची बंदूक, दुसरी म्हणजे लढाईचं हत्यार, अशी सोयीची वाटणी करून बहुतेक जण बोलतात. ही वाटणी इतिहासात टिकत नाही. लिव्हर रायफल बाजारात आली तेव्हा तीच सर्वांत धडाक्याने गोळ्या झाडणारी होती आणि तिच्या मालकांचा डोळा लष्कराच्या कंत्राटावरच होता.

ऑलिव्हर विंचेस्टर हा कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा शर्टांचा कारखानदार. स्मिथ आणि वेसन या जोडीने सुरू केलेल्या आणि पुढे डबघाईला आलेल्या व्होल्कॅनिक नावाच्या बंदूक कंपनीत त्याने पैसे घातले आणि शेवटी ती ताब्यात घेतली. तिथला कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने ऑक्टोबर १८६० मध्ये पेटंट मिळवलं. त्या काळचा सैनिक दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासत असे आणि मिनिटाला तीन बार काढले तरी तो तरबेज मानला जाई. हेन्री रायफलीच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये १५-१६ काडतुसं बसत. चापाखालची कडी खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि घोडा मागे ताणला जातो. कडी वर आणली की नवं काडतूस नळीत जातं. मग फक्त चाप ओढायचा. पुढे सगळी लिव्हर रायफल याच दोन हालचालींवर चालली.

लष्कराने मात्र नाक मुरडलं. शिपायाच्या हातात इतक्या गोळ्या दिल्या तर तो त्या उधळेल, असं शस्त्रखात्याच्या जुन्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. यादवी युद्धात सरकारने जेमतेम १,७०० हेन्री विकत घेतल्या. बाकीच्या शिपायांनी पदरमोड करून घेतल्या. शिपायाचा पगार महिन्याला १३ डॉलर आणि रायफलीची किंमत ४० डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन महिन्यांचा पगार. जिवावर बेतलेलं असलं की माणूस हिशेब वेगळा करतो.

रायफलीचं खरं सामर्थ्य जगाला दुसरीकडेच दिसलं. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टरचे घोडेस्वार एकेरी बाराच्या स्प्रिंगफिल्ड कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली, घेऊन उतरले. समोरच्या लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर होत्या. कस्टर आणि त्याच्या तुकडीतले दोनशेहून अधिक लोक मारले गेले. १९८३ साली त्या माळरानावर वणवा लागला, गवत जळालं आणि पुरातत्त्वज्ञांना जमीन मोकळी मिळाली. सापडलेल्या पुंगळ्यांवरून कोण कुठून कुठे सरकलं आणि कोणाच्या हातात काय होतं, हे त्यांना जुळवता आलं. लढाईच्या पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हनाच्या वेढ्यात तुर्की सैन्याने लांबच्या माऱ्याला पीबडी-मार्टिनी वापरल्या आणि रशियन जवळ आले की विंचेस्टर उचलल्या. रशियनांची इतकी हानी झाली की युरोपभरच्या सेनांना एकामागून एक बार काढणाऱ्या रायफलीची निकड पटली. पण त्यांनी निवडली बोल्ट-ॲक्शन, म्हणजे वरची खिटी हाताने मागेपुढे सरकवून भरायची रायफल. जमिनीवर पालथं पडून कडी खाली ओढणं अवघड, आणि नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असल्याने टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकते, हा धोका वेगळाच.

असा लष्कराने नाकारलेला माल नागरिकांनी उचलून धरला. १८७३ च्या मॉडेलचं ४४-४० काडतूस पुढे कोल्ट रिव्हॉल्वरमध्येही चालू लागलं, त्यामुळे कंबरेला एकच पट्टा बांधून दोन्ही हत्यारं भरता येत. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९४ च्या मॉडेलला पुढच्या वर्षी धूर न करणाऱ्या दारूचं ३०-३० काडतूस मिळालं. हरणाच्या शिकारीत ती इतकी मुरली की एकूण ७० लाखांहून अधिक नग खपले. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ हे बिरुद मात्र कंपनीने १८७३ च्या मॉडेलला पहिल्या महायुद्धानंतर चिकटवलं, तेव्हा जिंकायला पश्चिम उरलीच नव्हती. पुढे हॉलिवूडने १८७० च्या दशकातल्या कथांत १८९२ चं मॉडेल खुशाल नाचवलं. आज ज्या साध्यासरळ, निरुपद्रवी लिव्हर रायफलीबद्दल लोक हळवे होतात, ती या जाहिरातींतून आणि पडद्यावरून घडलेली आहे.

सेमी-ऑटोमॅटिकसुद्धा लोक समजतात तितकी नवी नाही. एका बाराची ताकद वापरून पुढचं काडतूस आपोआप भरायचं, पण प्रत्येक गोळीला चाप पुन्हा ओढायचा, ही यंत्रणा असलेल्या विंचेस्टर १९०५ आणि रेमिंग्टन ८ या रायफली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच शिकाऱ्यांना विकत मिळत होत्या. रेमिंग्टनची तर पुन्हा ब्राउनिंगचीच. म्हणजे एकाच माणसाने वादातल्या दोन्ही बाजूंची हत्यारं घडवली.

१९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने एम १ गॅरँड ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात साठ लाखांवर हलक्या एम १ कार्बाइन बनल्या. युद्ध संपलं, कार्बाइन गोदामात पडून राहिल्या आणि १९६३ मध्ये सरकारने त्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना वीस डॉलरच्या आसपास विकायला काढल्या. माझ्या मते अमेरिकी बेडरूमच्या कपाटात सेमी-ऑटोमॅटिक रायफल शिरली ती या वाटेने. ए आर-१५ नंतरची. युजीन स्टोनरच्या आराखड्याचे हक्क आर्मालाइटने १९५९ मध्ये कोल्टला विकले आणि कोल्टने १९६४ पासून तिची नागरी आवृत्ती शिकारी आणि हौशी लोकांसाठी म्हणून बाजारात आणली. बराच काळ ती फारशी खपली नाही.

मग ती घराची बंदूक कशी झाली? इथे यंत्राइतकाच माणसांच्या मनातला बदल महत्त्वाचा. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत १९९९ मध्ये बंदूक बाळगण्याचं मुख्य कारण म्हणून ४९ टक्के मालकांनी शिकार सांगितली होती आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ मध्ये प्यू रिसर्च या संस्थेच्या पाहणीत हे पारडं फिरलेलं दिसलं: संरक्षण ४८, शिकार ३२. या मधल्या काळात टीव्हीने बरंच काही दाखवलं. १९९२ च्या लॉस एंजलिस दंगलीत कोरियन दुकानदार रायफली घेऊन छपरांवर उभे राहिले. १९९७ मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या बँकेबाहेर चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांसमोर पोलिसांची पिस्तुलं तोकडी पडली आणि त्यांना जवळच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत शॉटगनच्या जोडीला ए आर दिसू लागली, आणि पोलीस जे वापरतात ते आपल्याही घरी असावं हा विचार ओघाने आला.

दुसरी बाजू तितक्याच वेगाने हलत होती. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या शाळेत गोळीबार झाला आणि त्याच वर्षी त्या राज्याने ‘असॉल्ट वेपन’ म्हणून ठराविक सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी घातली. सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राचाही तसाच कायदा आला. त्याला एक लांबलचक परिशिष्ट जोडलेलं होतं, बंदीतून वगळलेल्या बंदुकांची यादी. तीत विंचेस्टर ९४ आणि मार्लिन ३३६ या लिव्हर रायफली नावानिशी होत्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जिच्या गोळ्यांच्या भडिमाराची लष्कराला धास्ती वाटली, तिला आता कायद्याने सभ्यपणाचा दाखला दिला. २००४ मध्ये केंद्रीय बंदीची मुदत संपली आणि ए आर-१५ चा खप उसळला. उद्योगाचाच अंदाज आज दोन कोटींहून अधिक रायफलींचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत मुलं मारली गेल्यावर न्यूयॉर्क आणि कनेटिकटने नियम आणखी आवळले. २०२३ मध्ये इलिनॉय आणि वॉशिंग्टन राज्यांनीही तेच केलं.

लिव्हर रायफलीचं पुनरागमन या कायद्यांच्या सावलीत झालं. न्यू जर्सीत १९९० पासून ‘असॉल्ट वेपन’वर बंदी आहे आणि २०१८ पासून मॅगझिनला दहा काडतुसांची मर्यादा. एडिसन-साउथ ब्रन्सविक पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या एखाद्या मराठी कुटुंबाने घरात रायफल घ्यायची ठरवली, तर आधी खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं, आणि मग दुकानदाराने सहज विकता येणारी म्हणून लिव्हर रायफल पुढे केली तर नवल नाही. भारतात हा पेच पडतच नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल निषिद्ध वर्गात मोडते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

घरात या दोन रायफलींचा फरक दिसतो तो बहुधा दुकानात न सांगितल्या जाणाऱ्या जागी. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ पाट्या. दोन्ही रायफलींची गोळी त्यातून आरपार जाते आणि पलीकडे मुलांची खोली असू शकते. आणि बंदूक रिकामी करणं. ए आर-१५ मध्ये मॅगझिन काढून खटका मागे खेचला की नळीतलं उरलेलं एक काडतूस बाहेर पडतं. जुन्या धाटणीच्या लिव्हर रायफलीत मॅगझिनमधलं प्रत्येक काडतूस आधी नळीत घालून मगच बाहेर काढता येतं, आणि प्रत्येक वेळी घोडा ताणलेला. मार्लिनने १९८० च्या दशकात जादा सुरक्षा-खटका बसवला तेव्हा जुन्या मंडळींनी कुरकुर केली होती. घरात बंदूक असण्याने धोका वाढतो की घटतो, हा तर आणखी मोठा वाद. १९९३ मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका २.७ पट असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हापासून तो शमलेला नाही.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला. घरातली बंदूक सुटी करून वा चापाला कुलूप लावूनच ठेवा, हा राजधानीचा नियमही तिथेच उडाला. पण तो निकाल पिस्तुलांभोवती फिरतो. ए आर-१५ च्या बंदीचा प्रश्न मेरीलँडच्या खटल्यातून जून २०२५ मध्ये न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायाधीशांनी तो ऐकायलाच नकार दिला. तोवर कारखानदार हातावर हात ठेवून बसले नव्हते. रुगर या बंदूक कंपनीने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतली, तिच्या काळ्या दस्त्याच्या आवृत्त्या निघाल्या, २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या मूळ पेटंटच्या सालावरून १८५४ नावाची लिव्हर रायफल काढली, आणि आता तर ए आर-१५ चंच मॅगझिन बसणाऱ्या लिव्हर रायफली दुकानांत दाखल झाल्या आहेत.