केसरबाई केरकरांच्या ध्वनिमुद्रिकांचा पुनर्शोध

जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका सुरश्री केसरबाई केरकर (१३ जुलै १८९२ – १६ सप्टेंबर १९७७) यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांकडे त्यांच्या निधनानंतर, आणि विशेषतः एकविसाव्या शतकात, श्रोते नव्याने वळले. त्या घडामोडीची ही नोंद आहे. निमित्त ठरली ती साडेतीन मिनिटांची एक भैरवी. १९७७ मध्ये ती व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली आणि पुढे केसरबाईंचे नाव गाण्याच्या वर्तुळाबाहेरही पोहोचले. मात्र ही गायकी समजून घ्यायला एकटी भैरवी पुरत नाही.

केसरबाई मूळच्या गोव्याच्या, फोंडा तालुक्यातील केरी गावच्या. गाणे-नाचणे हा परंपरेने व्यवसाय असलेल्या कलावंत समाजातील अनेक गायिकांप्रमाणे त्यांनाही तालीम मिळवण्यासाठी गाव सोडावे लागले. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्या काही महिने शिकल्या. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला आल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे त्या थोडा थोडा काळ शिकल्या. गुरू येत, तालीम सुरू होई, गुरू दुसऱ्या दरबारी निघून जात आणि शिक्षण तुटे. हे तुटलेपण १९२१ मध्ये संपले. त्या वर्षी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिकवायला घेतले, तेव्हा केसरबाई एकोणतीस वर्षांच्या होत्या. गळा पूर्ण घडून गेला असे ज्या वयात मानतात, त्या वयात त्यांनी तो मोडून पुन्हा घडवला. अकरा वर्षांची सलग तालीम आणि त्यानंतरही १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत चालू राहिलेले शिकणे, या पायावर त्यांचे पुढचे सगळे गाणे उभे आहे.

ही गायकी कानांनी ओळखता येते. आवाज खुला, भरदार आणि माईकची सवय लागण्याआधी घडलेला. आकार, म्हणजे ‘आ’ या उच्चारावर केलेले गायन, अखंड. दमसास इतका की एकाच श्वासात आलाप आणि तान वळणे घेत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात आणि श्वास कुठे घेतला हे समजत नाही. जयपूर घराण्याची तान सरळ चढत-उतरत नाही. ती स्वरांना वेढे घालत, मागे वळत, पेचातून वाट काढत जाते. लय फार संथ नसते, त्यामुळे तालाच्या प्रत्येक मात्रेशी गाणाऱ्याचे नाते सतत जागे राहते. बिहागडा, नट कामोद यांसारख्या अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोड रागांवर या घराण्याची मोठी मदार आहे. एकाच रागात दोन रागांची अंगे इतकी बेमालूम विणलेली असतात की सांधा दिसत नाही. केसरबाईंच्या गाण्यात ही कारागिरी भव्य वाटते, कधीच कोड्यासारखी वाटत नाही, आणि त्यांचे मोठेपण मुख्यतः यात आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यांच्या हयातीत मान कमी मिळाला नाही. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या रसिकांच्या समितीने ‘सुरश्री’ हा किताब दिला. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्र शासनाचे राज्यगायिकापद मिळाले. तरीही पुढच्या पिढीला त्यांचे नाव ऐकीव राहिले. आपले गाणे कोणत्या रूपात लोकांसमोर जावे याबाबत त्या कमालीच्या काटेकोर होत्या. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्यांनी थोड्याच तबकड्या दिल्या. त्यांचे खरे क्षेत्र होते संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या मैफली, आणि स्वातंत्र्यानंतर तो आश्रय ओसरला. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणे थांबवले. शिष्यपरिवार तर जवळजवळ नव्हताच. त्यांची विद्या मिळाली ती एकट्या धोंडूताई कुलकर्णी यांना. ज्यांनी मैफल ऐकली त्यांच्याकडे आठवण होती, इतरांकडे तबकडी, तीही मिळाली तर.

१९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर पाठवण्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी तयार केली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाने तिच्यात पृथ्वीवरच्या संगीताचे २७ तुकडे घेतले. भारताच्या वाट्याला त्यातला एकच आला, केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. ही शिफारस संगीतमानववंशशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांची होती. शिफारस झाली, पण रेकॉर्ड मिळेना. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात ती सापडली. केसरबाईंच्या तबकड्या तेव्हा किती दुर्मीळ झाल्या होत्या हे यावरून कळते. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला निघाले. त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. मैफलीची सांगता भैरवीने होते, त्यामुळे हा योगायोग ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या मनात घर करतो. त्याच तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. २५ ऑगस्ट २०१२ रोजी व्हॉयेजर १ सौरवाऱ्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, व्हॉयेजर २ नोव्हेंबर २०१८ मध्ये.

यानांची बातमी झाली तरी गाणे लगेच कानांवर आले नाही. पहिला मोठा बदल घडवला तो २००७ मध्ये आलेल्या नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ या पुस्तकाने. धोंडूताईंकडच्या तालमीतून लिहिलेल्या या पुस्तकामुळे अल्लादिया खाँ, केसरबाई आणि धोंडूताई ही साखळी सामान्य वाचकापर्यंत पोहोचली. दुसरे कारण कायद्यातले आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या तबकड्यांच्या काळातील मुद्रणे एकेक करून मोकळ्या होत गेल्या. संग्राहकांनी कपाटात जपलेल्या तबकड्या डिजिटल रूपात महाजालावर आल्या. २०१७ मध्ये व्हॉयेजरच्या संगीताचा संच व्हिनाइलवर निघाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या बांधणीला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १३ जुलै २०१८ रोजी केसरबाईंच्या १२६ व्या जन्मदिनी गूगलने त्यांचे डूडल केले. त्या दिवशी कित्येकांनी त्यांचे नाव प्रथमच वाचले असेल.

मात्र डिजिटल प्रती ऐकताना सावध राहावे लागते. जुनी तबकडी ७८ ऐवजी ८२-८३ फेऱ्यांनी फिरली, तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि लयही वाढते. मग भरदार गळा उगाच पातळ भासतो. खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) आणि स्वराच्या कडा पुसल्या जातात. नुसत्या आकारावर चालणाऱ्या गायकीत तर हा तोटा मोठाच. थोडी खरखर असलेली, योग्य वेगाची प्रत अधिक प्रामाणिक असते, असे जाणकार संग्राहक सांगत आले आहेत, आणि ते खरे आहे.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. मैफलीत अर्धा-पाऊण तास फुलणाऱ्या ख्यालाला केसरबाईंनी या मापात बसवले ते राग कापून नव्हे, तर बढतीचे, म्हणजे रागविस्ताराचे, टप्पे जवळ आणून. मुखडा, दोन-तीन आवर्तनांत रागाची पूर्ण ओळख, अंतरा आणि मग तानांचा ओघ, असा त्याचा आकार असतो. ललत, तोडी, गौड मल्हार, मालकंस, बिहागडा आणि नट कामोद यांची मुद्रणे या दृष्टीने भैरवीहून कितीतरी अधिक बोलकी आहेत. खाजगी मैफलींत रसिकांनी घेतलेली काही लांब मुद्रणेही संग्राहकांमध्ये फिरतात. त्यांचा आवाज कच्चा असला तरी तबकडीत न मावलेली बढत तेथे ऐकू येते. नव्याने वळलेला श्रोता भैरवी ऐकून थांबला, तर त्याच्या हाती फक्त गोष्ट लागते. ललत ऐकला तर राग लागतो.

आज जयपूर गायकी शिकणारे विद्यार्थी ही मुद्रणे पाठ्यासारखी वापरतात. एखाद्या अनवट रागाचे चलन दोन गुरूंकडे वेगळे पडले, की या तबकड्या समोर ठेवल्या जातात आणि तो स्वर नेमका कसा लागला, किती वेळ टिकवला, कुठून वळला हे पुन्हा पुन्हा तपासले जाते. आपली विद्या दुसऱ्याच्या हाती सहज देऊ नये अशी कडक शिस्त पाळणाऱ्या गायिकेच्या बाबतीत हे घडते आहे. केरीत त्यांच्या दुसऱ्या घराच्या जागी आता त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे. गोव्याची कला अकादमीही त्यांच्याच नावाने संगीत संमेलन भरवते, आणि केसरबाईंनी गायलेले राग तिथे नव्या गळ्यांतून ऐकायला मिळतात.