चकतीवाले चमकणारे लिक्विड क्रिस्टल घेताय? बाटली उघडायच्या आधी हे वाचा

नमस्कार. अंधेरीच्या आमच्या छोट्या लॅबमधून तुम्ही जी पांढरी पावडर नेताय तिचं पूर्ण नाव हेक्साहेक्झिलॉक्सी ट्रायफिनिलीन, आम्ही आपलं एचएटी-सिक्स म्हणतो. मधे सपाट चकती, भोवती सहा लवचिक शेपट्या. साधारण 70 डिग्रीला पावडर वितळते आणि 100 पर्यंत हे रेणू भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसून राहतात, दोन भाकऱ्यांमधे जेमतेम 0.35 नॅनोमीटर अंतर, आणि शेपट्या मऊ असल्यामुळे सगळं वाहूही शकतं. अशी मांडणी टिकवूनही वाहणारा पदार्थ म्हणजे लिक्विड क्रिस्टल, आणि तो चकत्यांचाही होतो हे 1977 ला बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमधे चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी दाखवलं. आपल्याकडचं काम आहे, सांगताना छाती फुगते.

बनवायची पद्धत अशी, कॅटेकॉलच्या (शेजारी शेजारी दोन ओएच असलेली बेंझिनची रिंग) दोन्ही ओएचवर ब्रोमोहेक्झेन आणि पोटॅशियम कार्बोनेट वापरून शेपट्या लावायच्या, मग असे तीन तुकडे डीसीएममधे (डायक्लोरोमिथेन, एक द्रावक) कोरड्या फेरिक क्लोराइडने जोडायचे आणि शेवटी मिथेनॉल टाकून रिअॅक्शन थांबवायची. ऐकायला सोपं, पण मुंबईत जुलैमधे करून बघा! पहिल्या पावसाळ्यात आम्ही फेरिक क्लोराइड उघड्या कागदावर तोललं, काटा स्थिर होईपर्यंत हवेतली ओल शोषून त्याचा तपकिरी चिखल झाला होता आणि ती अख्खी बॅच फेकावी लागली. आता डिह्युमिडिफायर लावल्याशिवाय डबा उघडतच नाही.

नंतरची सफाई आम्ही सगळ्यात जास्त मनावर घेतो, आणि त्याचं कारण चमकेत आहे. एका चकतीने यूव्ही शोषला की ती ऊर्जा चवडीतून शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या चकतीकडे सरकत जाते, आणि वाटेत एखादा खराब रेणू भेटला तर तिथेच विझते, म्हणजे चिमूटभर घाण सुद्धा खूप मोठ्या भागाचा उजेड खाते. म्हणून आम्ही आधी कॉलम क्रोमॅटोग्राफी करतो (सिलिकासारख्या पावडरीच्या नळीतून गाळून घाण वेगळी करतो) मग इथेनॉलमधून परत परत क्रिस्टल काढतो. पावडर राखाडी किंवा जांभळट दिसली तर ती वापरू नका, सरळ परत पाठवा, बदलून देऊ.

बरेच जण फोन करतात की 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली काहीच चमकत नाही. घाबरू नका. ह्या रेणूचं जोरदार शोषण 278 नॅनोमीटरला आहे, 345 जवळचं कमकुवत, आणि उजेड बाहेर पडतो 385 च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसण्याच्या अगदी काठावर. पातळ द्रावण करून 254 च्या दिव्याखाली अंधारात बघा, फिकट जांभळं दिसेल, पण यूव्हीचा चष्मा घातल्याशिवाय नको. खरी खात्री करायची तर हॉट स्टेजवर (मायक्रोस्कोपखालची तापवायची पट्टी) 105 डिग्रीपर्यंत तापवून हळूहळू थंड करा, क्रॉस्ड पोलरायझरमधून (एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन पोलरायझर) 100 च्या जवळ काळ्यातून पंख्यासारख्या आकृत्या उगवताना दिसतात. त्या आकृत्या आम्हीसुद्धा अजून दर बॅचला थांबून बघतो.

बाटली घट्ट बंद करून उजेडापासून लांब ठेवा.