पंप गेला नाही, हवा शिरली आहे

१ जूनला सुरू झालेली पावसाळी मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेचा नारळ खाडीला वाहिला जातो आणि बेलापूरजवळच्या दिवाळे जेट्टीवर गप्प बसलेली इंजिनं एकेक करून सुरू होतात. त्यातली काही खाडीत थोडं पुढे गेली की गचके खातात आणि बंद पडतात. निदान ठरलेलंच असतं: "पंप गेला." मग सिलिंडरना मोजून डिझेल देणारा इंजेक्शन पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप जुळवायला, पाठवायचा, भरपूर पैसे मोजायचे, आणि परत बसवल्यावर इंजिन पुन्हा तिथेच बंद पडलेलं पाहायचं. या होड्यांतल्या, ट्रकच्या घराण्यातल्या जुन्या डिझेल इंजिनात पंप हा संशयितांच्या यादीत शेवटी यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. यादीत सर्वांत वर असते हवा.

आधी डिझेलचा रस्ता पाहू. टाकीतून पाइप निघतो, पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरमधून फीड पंपापर्यंत येतो. फीड पंप डिझेल ढकलतो, ते बारीक फिल्टरमधून इंजेक्शन पंपात जातं, तिथून जाड भिंतीच्या पोलादी नळ्यांतून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे. या रस्त्याचे दोन भाग पडतात: फीड पंपाच्या आधीचा ओढण्याचा आणि नंतरचा ढकलण्याचा. ढकलण्याच्या भागात जोड सैल असेल तर डिझेल ठिबकतं, हाताला लागतं, वास येतो. ओढण्याच्या भागात मात्र पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर कुठे चीर असेल तर पाणी सांडत नाही, नुसता फुसफुस आवाज येतो, तसंच. म्हणून "कुठेच गळती नाही, सगळं कोरडं आहे" हे वाक्य ऐकून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

आता बुडबुडा एवढा घातक का, हे बघण्यासारखं आहे. ६० अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १२ लिटर डिझेल खातं. मिनिटाला १८०० फेरे धरले तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला ९०० वेळा डिझेल मिळतं. भागाकार केला की दर वेळचा वाटा सुमारे ५६ घन मिलिमीटर निघतो, म्हणजे जेमतेम एक थेंब. हा थेंब मोजून देणारा पंपातला प्लंजर ही माझ्या लेखी यंत्रशास्त्रातली अत्यंत देखणी वस्तू आहे. बोटाएवढा पोलादी दांडा, त्याच्या अंगावर एक तिरकी खाच. प्लंजर वर जाताना बाजूचं भोक बंद होतं, दाब चढतो. खाच भोकासमोर आली की दाब सुटतो आणि पुरवठा थांबतो. दांडा जरा फिरवला की खाच लवकर किंवा उशिरा समोर येते आणि थेंब लहान-मोठा होतो. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर करतो ते एवढंच: दांडा फिरवतो.

जुन्या इंजिनांत नोझलची सुई उघडायला साधारण १७५ ते २०० बार दाब लागतो (आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार). डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही; २०० बारला त्याचं आकारमान एक-दीड टक्क्यानं कमी होतं. त्यामुळे प्लंजर किंचित सरकताच दाब उसळतो. आता प्लंजरच्या डोक्यावर १५० घन मिलिमीटर, म्हणजे तीन थेंबांएवढी हवा बसली आहे असं समजा. प्लंजर ६० घन मिलिमीटर जागा व्यापतो, हवेला ९० उरतात. शाळेतला बॉइलचा नियम लावा: १५० भागिले ९०, म्हणजे दाब १.७ बारसुद्धा नाही. दाबताना हवा तापते हे धरलं तरी दोनच्या आसपास. लागत होते पावणेदोनशे! तेवढ्यात खाच भोकासमोर येते, हवा पुन्हा फुलते, आणि पुढच्या फेरीत तोच खेळ. बुडबुडा लहान असेल तर तो थेंबाचा काही भाग गिळतो. त्या सिलिंडरला कमी डिझेल मिळतं, वेग पडतो, गव्हर्नर घाबरून जास्त देतो, पुढच्या वेळी बुडबुडा नसला की वेग चढतो. इंजिन दम खात चालतं ते यामुळे.

एवढं लक्षात आलं की बऱ्याच "चमत्कारां"चा उलगडा होतो. टाकी भरलेली असताना इंजिन उत्तम चालतं आणि अर्धी झाली की रुसतं, कारण भरलेल्या टाकीत डिझेलची पातळी फीड पंपाच्या वर असते आणि ओढावं लागत नाही. जेट्टीला बांधलेली होडी तासभर चालते, लाटांत गेली की बंद पडते, थोड्या वेळानं काहीही दुरुस्ती न करता पुन्हा सुरू होते. यावर नजर लागल्याचं निदान आणि इंजिनाला लिंबू-मिरची! लाटांनी तळाचा गाळ ढवळला जातो, टाकीतल्या नळीच्या तोंडाशी अडकतो, इंजिन थांबलं की खाली बसतो. नजर कुणाचीच नाही. टाकी धुतलेली नाही.

गाळ येतो कुठून? पावसाळाभर अर्धी टाकी दमट हवेत उभी राहते, रात्री आत पाणी धरतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी साठतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू आणि बुरशी वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिने नावाची बुरशी तर या बाबतीत जगभर कुप्रसिद्ध आहे. फिल्टरवर काळा, बुळबुळीत थर दिसला तर तो डांबरासारखा भासला तरी जिवंत असू शकतो. बंदीच्या काळात टाकी काठोकाठ भरून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. इंधनाच्या पाइपला लोहचुंबक बांधून "रेणू सुटे करणारे" विक्रेते मधूनमधून भेटतात. डिझेलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही.

शोध घ्यायचा तर आधी धूर बघा. स्टार्टर मारताना धूरच नाही तर डिझेल पोचत नाही; पांढरा धूर असेल तर पोचतंय, पण पेटत नाही. चालत्या इंजिनाचा काळा धूर डिझेलच्या तुटवड्यानं येत नाही, तिथे कारण दुसरं. मग टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारलं तर टाकीत हवा येऊ देणारी नळी तुंबली आहे, कदाचित कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असेल. तेही नसेल तर स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाच्या वर टांगा आणि त्याचा पाइप थेट फीड पंपाला जोडा. इंजिन निमूट चाललं तर दोष डब्याच्या जागी आधी जे काही होतं, त्यात. फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चढलेली दिसते, तीही पाहून घ्या.

एअर काढताना, म्हणजे अडकलेली हवा बाहेर सोडताना, टाकीकडून नोझलकडे, याच क्रमानं स्क्रू सैल करायचे. हातानं डिझेल ढकलायच्या फीड पंपाच्या दांड्याला जोर लागत नसेल तर पंप खराब ठरवू नका. आतला कॅम, म्हणजे पंपाला ढकलणारा फिरता उंचवटा, वर असेल, इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा बघा. चालत्या नोझलच्या फवाऱ्यापुढे हात मात्र धरायचा नाही. तो कातडीतून आत घुसतो आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागण्याइतकी गंभीर असते. आणि दर वेळी उघडलेल्या जोडांचे तांब्याचे वायसर बदला. नवे मिळत नसतील तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाका: पोलाद याने कडक होतं, तांबं मऊ होतं, आणि मऊ तांबंच फट नीट बुजवतं.