वही मिटल्यावरची उजळणी

इंग्रजी शिकणाऱ्या बहुतेकांच्या वहीत एक पान हमखास असतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधे पट्टीने मारलेली रेघ. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यावरून चार-पाचदा नजर फिरते, सगळं ओळखीचं वाटतं. आठवड्याने बोलायची वेळ आली की नेमका हवा तो शब्द आठवत नाही. मग मुलं स्वतःच्या डोक्याला दोष देतात, याचं मला फार वाईट वाटतं. चूक असते ती उजळणीच्या पद्धतीत.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. 'मशुआ' म्हणजे होडी, असे. एकदा बरोबर आलेला शब्दही काही जणांना पुन्हापुन्हा विचारला. इतरांना तो नुसता परत वाचायला दिला, किंवा यादीतूनच काढून टाकला. आठवड्यानंतर, विचारत राहिलेल्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. बाकीच्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याला किती आठवेल याचा अंदाज मात्र सगळ्यांनी निम्म्याच्या आसपास बांधला होता. म्हणजे आपली उजळणी कुचकामी आहे, हे करणाऱ्यालाही कळत नाही!

म्हणून त्या पानाची डावी बाजू हाताने झाका. मराठी अर्थ वाचून इंग्रजी शब्द आठवा, लिहा, मगच हात काढा. उलट दिशा सोपी असते, पण बोलताना लागते ती हीच.

हे रोज करायचं का? हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सर्वांत जास्त निसटतं ते पहिल्या दिवसात, नंतर गळती मंदावते. बारा निरर्थक अक्षरगटांची यादी एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत साधलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने असं अंतर वाढवत न्यावं. रोज संध्याकाळी परवचा म्हणणाऱ्या घरांतले पाढे इतके पक्के का असत, तेही यावरून उमगतं.

व्याकरणाचं दुखणं जरा वेगळं. 'मी इथे २०१९पासून राहतो' आणि 'मी इथे पाच वर्षांपासून राहतो', मराठीत दोन्हीकडे 'पासून', दोन्हीकडे 'राहतो'. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायला 'सिन्स', कालावधी सांगायला 'फॉर', आणि क्रियापदही 'हॅव लिव्ह्ड'. धड्याखालची वीसही वाक्यं मुलगा बरोबर सोडवतो आणि दुसऱ्या दिवशी निबंधात लिहितो, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. कारण स्वाध्यायात कुठला नियम लावायचा हे मथळ्यानेच सांगितलेलं होतं. निबंधात ते स्वतः ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्याचा सराव कधी झालेलाच नसतो.

यावर उपाय म्हणजे धडे एकमेकांत मिसळणं. वेगवेगळ्या धड्यांतली चार मराठी वाक्यं घ्यायची आणि मथळ्याशिवाय इंग्रजीत करायची: 'ती काल गावाला गेली.' 'ती गावाला गेली आहे.' 'ती गेले दोन दिवस गावाला आहे.' 'ती कालच गावाला गेली आहे.' पहिल्याला 'वेन्ट', दुसऱ्याला 'हॅज गॉन', तिसऱ्याला 'हॅज बीन'. चौथ्यापाशी माझ्या वर्गात बहुतेक सगळे अडखळतात. मराठीत 'काल' आणि 'गेली आहे' सुखाने एकत्र नांदतात. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'हॅज गॉन' चालत नाही, पुन्हा 'वेन्ट'कडेच यावं लागतं. इथे एकदा चुकून, थांबून, स्वतः दुरुस्त केलेलं वाक्य मुलं महिन्याभरानेही बरोबर लिहितात.