ओल्या ओकची सराय

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या कोचिंग इनमध्ये, म्हणजे घोडागाड्यांच्या टप्प्यावरच्या सराईत गेलात, की छताच्या काळ्या तुळईकडे बोट दाखवून कोणीतरी सांगतंच, 'हे जुन्या जहाजाचं लाकूड!' पुरावा म्हणून तुळईतल्या रिकाम्या खाचा दाखवतात. बहुतेक ठिकाणी ही थापच असते. जहाजाच्या सांगाड्याला वाकडी लाकडं लागतात, सराईला सरळसोट. रिकाम्या खाचा असतात त्या काढून टाकलेल्या भिंतीच्या खांबांच्या, नाहीतर दुसऱ्या घराची तुळई इथे पुन्हा वापरल्याच्या.

ग्लॉस्टरची 'न्यू इन' घ्या. नावाने नवी, बांधणी १४५० च्या सुमाराची. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या थडग्यासाठी येणाऱ्या यात्रेकरूंच्या सोयीला मठाने ती उभारली. कोच पुष्कळ नंतर आले, पण त्यांना हवी ती रचना तयारच होती: रस्त्यावरून कमानीखालून आत, मधे चौक, वर चौकाभोवती सज्जे. खोल्यांची दारं सज्जात उघडतात, त्यामुळे एकाच्या खोलीतून दुसऱ्याला जावं लागत नाही. लंडनच्या साउथवर्कमधली १६७७ ची 'जॉर्ज इन' याच घराण्यातली. तिच्या बाकीच्या बाजू १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने पाडल्या, एकच उरली.

खरी गंमत सांध्यात आहे. सुतार ओक (टणक इमारती लाकूड) ओलाच, म्हणजे ताजा तोडलेला, वापरत, कारण वाळला की तो पटाशीला दाद देत नाही. शिवाय जाड लाकूड वाळायला इंचाला साधारण एक वर्ष लागतं. दहा इंची तुळईसाठी दहा वर्षं कोण थांबणार? पण ओलं लाकूड पुढे आकसतं, तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाही, वार्षिक वलयांच्या दिशेने मात्र गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट. म्हणून पृष्ठभागापासून गाभ्याकडे जाणाऱ्या उभ्या चिरा पडतात. त्या बघून घाबरायचं कारण नाही.

आता हिशेब बघा. आडव्या तुळईच्या टोकाचं कुसू, म्हणजे कोरून काढलेली जीभ, उभ्या खांबाच्या खाचेत बसवलंय आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली खुंटी खांबाच्या कडेपासून ४० मिमी आत आहे. खांब रुंदीत ५ टक्के आकसला, तर या ४० मिमीतले २ मिमी गेले. कुसू लांबीत आकसत नाही, म्हणजे तुळईचा खांदा (कुसवाच्या बुडाशी खांबाला टेकणारी कड) खांबापासून २ मिमी सुटला. फट पडली.

यावर सुतारांचा तोडगा असा: खांबाचं भोक आधी पाडायचं, कुसू खाचेत घालून त्यावर खूण करायची, मग काढून कुसवाचं भोक सुमारे ३ मिमी खांद्याकडे सरकवून पाडायचं. भोकं मुद्दाम जुळत नाहीत. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते, खांदा खांबाला घट्ट ओढते आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखी तशीच राहते. पुढे लाकूड आकसलं, तरी तो ताण बरीचशी फट भरून काढतो. खुंटी मात्र वाळलेल्या ओकची, लाकडाच्या तंतूंच्या रेषेवर फाडलेली हवी. करवतीने कापलेलीत रेषा तिरकस सुटतात आणि ती मोडते. ओली असेल, तर स्वतःच आकसून ढिली पडते. भोक जास्त सरकवलं, तर कुसवाचं टोक फुटतं.

सगळा सांगाडा आधी अड्ड्यावर जमवून बघत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरत, मग सुटा करून जागेवर उभारत. पटाशीने सरळ रेघा मारणं सोपं, म्हणून चार बहुधा चार रेघांनीच.

नासाडी करतात ते नंतरचे दुरुस्तीवाले. चिरांत सिमेंट भरलं की आत शिरलेलं पावसाचं पाणी अडतं, ओक कुजतो आणि कुजक्या ओकमध्ये डेथवॉच भुंगा घर करतो. वसंतात हा भुंगा जोडीदारासाठी लाकडावर डोकं आपटतो. रात्रीच्या शांततेत ती टकटक आजाऱ्याशेजारी जागणाऱ्यांना ऐकू येई, म्हणून तो मृत्यूचा संकेत ठरला आणि हे नाव पडलं. भूत दाखवणाऱ्या सहली अजून निघतात. टकटक ऐकू आली, तर मांत्रिक नको, आधी तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे अणकुचीदार हत्यार खुपसून बघावं. तिथेच ओल सगळ्यात जास्त असते.