काजूच्या आधीची फेणी

फेणी म्हटलं की सगळ्यांना काजूच आठवतो, पण खरी थोरली बहीण माडाची. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या पुस्तकात माडाची सूर आणि ती गाळून निघणारी दारू व्यवस्थित लिहून ठेवलीय, पहिल्या धारेच्या कडक मालाला लोक 'फुला' म्हणायचे म्हणे, आणि काजूचं त्यात नावसुद्धा नाही, कारण ते झाड पोर्तुगीजांनी नुकतंच कुठे ब्राझीलहून आणायला घेतलं होतं.

सूर म्हणजे माडाच्या न उमललेल्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबातून, ठिबकणारा रस. रेंदेर, म्हणजे माडावर चढून सूर काढणारा, पोय दोरीने घट्ट आवळून ठेवतो, काती नावाच्या कोयत्याने टोकाची पातळ चकती काढतो, खाली मडकं, आणि हे दिवसातून तीनदा वर चढून. ताजा रस गोडमिट्ट, पण उन्हात काही तासांतच फसफसायला लागतो, म्हणून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. हीच सूर गोव्यात सान्नांना (इडलीसारख्या वाफवलेल्या तांदळाच्या पदार्थाला), पावाला आणि व्हिनेगरला लागायची, दारू हा तिचा फक्त एक उपयोग.

माडाची सूर काढणं हा ज्यांचा परंपरागत धंदा, त्या भंडारी समाजात एक जुनी कथा आहे, शंकराच्या घामाच्या थेंबातून एक पुरुष जन्मला, देवाला तहान लागली तेव्हा तो माडावर चढला आणि रस काढून आणला. मला ही कथा फार आवडते, कारण यात रस काढणारा माणूसच नायक आहे! पुढे इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने याच लोकांच्या झाडांवर कर वाढवला आणि मुंबईच्या भंडाऱ्यांचं कंबरडंच मोडलं.

आता दारूत काहीबाही मुरवायची सवय. तीही जुनीच. लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ ते ८८ गोव्यात होता, तो लिहितो की माडाच्या दारूत इराणच्या आखातातल्या होर्मुझच्या मनुका घालून ती लाल आणि गोड करायचे. आणि घरोघरची दुकशिरी तर अजून आहे, अनंतमुळाच्या मुळ्या धुवून वाळवून फेणीत बुडवायच्या, रंग तांबूस होतो आणि व्हॅनिलासारखा वास सुटतो, कारण मुळातलं वासाचं द्रव्य व्हॅनिलिनचंच भावंड आहे. कडक फेणीचा उग्रपणा त्याने छान मोडतो.

२००९ चं जीआय (भौगोलिक मानांकन) मात्र फक्त काजू फेणीला मिळालं. माडाच्या फेणीवर हा अन्यायच झाला असं मला अगदी मनापासून वाटतं.